गोव्यातली तीन शेपट्यांची ‘कॉनी’ आणि इतर जुनी विमानं : वाचकांचे प्रश्न

जुन्या आणि आगळ्यावेगळ्या विमानांबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. यंत्र असं का घडवलं आणि ते कुठे दगा देतं, हे विचारणाऱ्या प्रश्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात चार इंजिनांचं एक मोठं विमान उघड्यावर उभं आहे. त्याच्या शेपटीवर तीन उभे पंख का? पाठही माशासारखी बाकदार आहे. हे निव्वळ देखणेपणासाठी केलं असेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

ते लॉकहीड कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन. विमानप्रेमी त्याला लाडानं ‘कॉनी’ म्हणतात. ते देखणं आहे यात वाद नाही, पण त्याचा एकेक बाक कुठल्या ना कुठल्या अडचणीतून आलेला आहे.

आधी शेपटी. एका बाजूचं इंजिन उड्डाणात बंद पडलं की विमान त्या बाजूला वळू लागतं. त्याला सरळ धरून ठेवायला शेपटीच्या उभ्या भागाचं क्षेत्रफळ भरपूर लागतं. एकच उंच शेपूट दिली असती तर विमान त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं. म्हणून तेवढंच क्षेत्रफळ तीन बुटक्या तुकड्यांत वाटलं.

आता पाठ. इंजिनांचे पंखे सुमारे साडेचार मीटर व्यासाचे आहेत. ते जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच पायांवर उभं करावं लागलं. पुढचा पाय आणखी लांब आणि नाजूक झाला असता, म्हणून नाक खाली झुकवलं. शेपटीकडचा भाग वर उचलला. याची किंमत कारखान्यात मोजावी लागली. शरीराच्या सांगाड्यातलं जवळजवळ प्रत्येक कडं वेगळ्या मापाचं, म्हणजे साचे वेगळे आणि मजुरीही जास्त. पुढची प्रवासी विमानं सरळ नळीसारखी झाली त्यामागे हा हिशेब आहे. ‘सुपर’ करतानासुद्धा मूळ कॉन्स्टेलेशनचं शरीर सुमारे साडेपाच मीटरनं लांबवलं, ते पंखाच्या पुढे आणि मागे नवे तुकडे घालूनच.

पुन्हा गेलात तर इंजिनांपाशी जरा थांबा. राइट कंपनीचं हे ‘टर्बो-कंपाउंड’ इंजिन १८ सिलिंडरचं, नऊ-नऊच्या दोन ओळींचं. एरवी वाया जाणारा जळका वायू इथे प्रत्येक इंजिनावरच्या तीन छोट्या टर्बाइनांतून जातो आणि त्यांची ताकद द्रव-कपलिंगमधून परत मुख्य दांड्याला मिळते. एका टर्बाइनमागे साधारण १५० अश्वशक्ती, म्हणजे एका इंजिनामागे साडेचारशेच्या आसपास, आणि तीही जादा पेट्रोल न जाळता. कल्पना अस्सल होती. पण तापलेल्या वायूच्या वाटेत आणखी फिरते भाग आले, निकासाच्या व्हॉल्व्हवरचा ताण वाढला आणि देखभाल महाग झाली. चारपैकी एक इंजिन बंद करून उतरण्याची वेळ या विमानांवर वरचेवर येई.

एअर इंडियाची पहिली मुंबई–लंडन फेरी ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’नं कैरो आणि जिनिव्हामार्गे केली. ते याच घराण्यातलं आधीचं, आखूड विमान. सुपर कॉन्स्टेलेशन पन्नासच्या दशकात आली. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर त्यांतली काही हवाई दलाच्या पुण्यातल्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे सागरी टेहळणीसाठी गेली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली. दाबोळीला त्यांनी ३१२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये काम केलं. प्रवासी म्हणून जन्मलेल्या विमानानं आयुष्याचा उत्तरार्ध पाणबुड्या शोधण्यात घालवला, म्हणून बोगमाळोची कॉनी आम्हाला फार मोलाची वाटते.

प्रश्न : त्याच संग्रहालयात बोटीसारखं पोट असलेलं छोटं विमान आहे. पोटाला मध्येच पायरी कशाला?
– एक वाचक, मडगाव

ते शॉर्ट सीलँड. पाण्यावर आणि धावपट्टीवर, दोन्हीकडे उतरणारं. पोट गुळगुळीत सलग ठेवलं तर वेग घेताना पाणी त्याला चिकटून राहतं आणि विमान उचलतच नाही. पायरीमुळे पोटाखाली हवा शिरते, मागचा भाग पाण्यापासून सुटतो आणि ओढ कमी होते. सीलँड सगळी मिळून २५च बनली. त्यांतली दहा भारतीय नौदलानं घेतली, आणि १९५३ मध्ये कोचीला नौदलाचा हवाई विभाग सुरू झाला तो यांच्यावर. जगात उरलेली सीलँड हाताच्या बोटांवर मोजता येतील, तेव्हा ते विमान घाईत ओलांडून जाऊ नका.

प्रश्न : हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या चित्रफितीत इंजिन सुरू करण्याआधी माणसं पंखा हातानं गोल फिरवताना दिसतात. डकोटाला तर स्टार्टर असतो ना? मग ही मेहनत कशासाठी?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक

सिलिंडरमध्ये साचलेलं तेल शोधण्यासाठी.

डकोटा हे मालवाहू विमान किंवा हार्वर्ड हे प्रशिक्षणाचं विमान, दोन्हींचं इंजिन ताऱ्यासारखं असतं. सिलिंडर मध्याभोवती गोलाकार बसवलेले, त्यामुळे खालच्या बाजूचे काही सिलिंडर उलटे लटकतात. विमान उभं असताना इंजिनातलं तेल पिस्टनच्या कड्यांवरून हळूहळू पाझरून त्यांच्यात उतरतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. अशा सिलिंडरवर पिस्टन स्टार्टरच्या जोरानं आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. धोका असा की तो लगेच मोडेलच असं नाही. इंजिन सुरू होतं, बरं चालतं आणि वाकलेला रॉड काही तासांनी हवेत तुटतो.

म्हणून आधी मॅग्नेटोचे, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचे, स्विच बंद, थ्रॉटल बंद, मिश्रणाचा दांडा ‘कट-ऑफ’वर (पेट्रोल बंद), चाकांना उटी, म्हणजे ती सरकू नयेत म्हणून लावायचे ठोकळे. मग पंखा त्याच्या नेहमीच्या दिशेनं, एकेक पातं करत, सावकाश ओढायचा. किती पाती? चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं चक्र मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं. हार्वर्डमध्ये पंखा थेट दांड्यावर आणि पाती दोन, म्हणून चार पाती ओढली की सगळे नऊ सिलिंडर एकदा तपासले जातात. डकोटाच्या १४ सिलिंडरच्या इंजिनात गिअर आहे : दांड्याच्या १६ फेऱ्यांना पंख्याच्या ९. दोन फेऱ्यांना पंखा सव्वा फेरीहून थोडा कमी फिरतो, आणि तीन पात्यांच्या हिशेबानं तेही किमान चार पातीच भरतं. प्रत्यक्षात याच्या दुपटी-तिपटीनं ओढतात, कारण पहिल्या फेरीत तेल सरकतं आणि दुसरीत सापडतं.

हाताला अचानक भिंतीसारखं काही लागलं तर तिथेच थांबायचं. जोर करायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंखा उलटा फिरवून ‘मोकळा’ करायचा नाही. उलटं फिरवलं की तेल आत घेण्याच्या व्हॉल्व्हमधून इनटेक पाइपात ढकललं जातं. पंखा सुटतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि इंजिन सुरू होताच तेच तेल परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं. या वेळी पूर्ण वेगात. योग्य उपाय एकच. खालच्या सिलिंडरांचा एकेक स्पार्क प्लग काढायचा, तेल निथळू द्यायचं, पंखा सुलट दिशेनं फिरवून आत काही उरलं नाही याची खात्री करायची आणि मग प्लग साफ करून बसवायचे.

टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन तर मुळातच उलटं. चार सिलिंडर एका ओळीत खाली तोंड करून, मुख्य दांडा वर, ताकद १३० अश्वशक्ती. दांडा वर गेल्यामुळे पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि वैमानिकाला नाकावरून पुढचं दिसतं. तेल उतरण्याची खोड अर्थातच इथेही. या विमानाला साधारणपणे स्टार्टर नसतोच, ब्रेकही नसतात. त्यामुळे उटीशिवाय आणि कॉकपिटमध्ये जाणकार माणूस बसल्याशिवाय कुणी पंख्याला हात लावत नाही. पेट्रोलची तोटी उघडायची, कार्ब्युरेटरचा टिकलर दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत भरायचं, स्विच बंद ठेवून चार पाती ओढायची. मग थ्रॉटल जरासं उघडून स्विच चालू करायचे, मोठ्यानं ‘कॉन्टॅक्ट’ म्हणायचं आणि पातं खाली ओढत त्याच झोक्यात शरीर मागे न्यायचं. बोटं पात्याच्या कडेभोवती वळवायची नाहीत, तळवा सपाट. एका मॅग्नेटोला ‘इम्पल्स’ जोड असते. ती स्प्रिंग ताणून झटक्यानं सोडते, म्हणून इतक्या मंद फिरण्यातही जोमदार ठिणगी पडते. पंखा ओढताना ऐकू येणारी खट्‌खट् तिचीच.

एक गोष्ट पाठच करा. मॅग्नेटोचा स्विच ‘बंद’ करणं म्हणजे त्याची तार इंजिनाच्या धातूला जोडून ठिणगी मारणं. ती तार तुटली असेल तर स्विच बंद दाखवेल आणि मॅग्नेटो जिवंत असेल. त्यामुळे संग्रहालयातला असो की फ्लाइंग क्लबचा, पिस्टन इंजिनाचा कुठलाही पंखा गंमत म्हणून फिरवायचा नाही.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातलं ‘मॉस्किटो’ बॉम्बर लाकडी होतं म्हणतात. आपल्या पावसाळ्यात ते टिकलं कसं?
– फर्निचर व्यावसायिक, कोल्हापूर

टिकायला त्रासच झाला. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं हे विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचं शरीर बर्च प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड चिकटवून केलेलं. शेंगेच्या दोन फोलांसारखे उजवा-डावा अर्धा भाग साच्यावर वेगळे बनवायचे, तारा-नळ्या आत बसवायच्या आणि मग दोन्ही जोडायचे. बाल्सा ताकदीसाठी नव्हतं. दोन थरांत अंतर राखून शरीराच्या भिंतीला कडकपणा देणं हे त्याचं काम. या रचनेत रिव्हेट नाहीत, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत आणि वेग उत्तम. अ‍ॅल्युमिनियमची चणचण असताना फर्निचरचे कारखाने आणि सुतार कामाला लावता आले, हा फायदा वेगळाच.

१९४४ च्या अखेरीस भारतात ब्रह्मदेश आघाडीसाठी असलेल्या मॉस्किटोंचे पंख हवेत मोडल्याच्या दुर्घटना झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये उड्डाणं थांबवून तपासणी करावी लागली. दोष केवळ हवेवर ढकलता आला नाही. कारखान्यात काही सांधे नीट बसवलेलेच नव्हते. फट राहिली तिथे गोंदाला धरायला लाकूड नव्हतं. सुरुवातीचा केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा, गोंद ओलीत बुरशी धरतो. त्याची जागा पुढे फॉर्मल्डिहाइडच्या कृत्रिम गोंदानं घेतली.

तुमच्या धंद्यातल्या माणसाला लाकडी विमान तपासणं परकं वाटणार नाही. नाण्यानं हलकेच टकटक करत जायचं. आवाज भद्द आला की आत थर सुटलेला. ओलावा मोजायचा. ८ ते १२ टक्के ठीक, २० च्या वर गेला तर बुरशीला आमंत्रण. पंखाच्या खालच्या बाजूची निचऱ्याची भोकं रंगानं बुजली नाहीत ना, हे आधी पाहायचं, कारण लाकडी विमानं पावसापेक्षा आत अडकलेल्या पाण्यानं जास्त गेली आहेत. लाकडाची चमक आणि वास सांध्यापाशी बदलला असेल तर तो सांधा उघडायचाच.

प्रश्न : शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं, हे खरं का?
– अनेक वाचक

या प्रश्नाची पत्रं सगळ्यात जास्त असतात आणि त्यामागचा जिव्हाळा आम्हाला कळतो. म्हणूनच सरळ सांगतो : ते उड्डाण सिद्ध झालेलं नाही. त्या वर्षीचं छायाचित्र, मोजमापांचा आराखडा किंवा इंजिनाचा भाग, असं काहीच आज तपासायला मिळत नाही.

पुरावा कशाला म्हणतात ते जवळच्याच काळातल्या दुसऱ्या उड्डाणावरून पाहा. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. साक्षीला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल होते आणि उडत्या यंत्राचं छायाचित्र त्यांनी स्वतः काढलं. अंतर, वजन, इंजिन, सगळं नोंदलेलं आहे. यंत्र जेमतेम ११ किलोचं आणि इंजिन साधारण एका अश्वशक्तीचं होतं.

तळपद्यांच्या यंत्रात पाऱ्याचं इंजिन होतं असं सांगतात. पाऱ्याची वाफ टर्बाइन फिरवू शकते, पण त्यासाठी भट्टी, बॉयलर आणि वाफ पुन्हा थंड करणारं यंत्र लागतं. शिवाय पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. उडण्यासाठी वजनामागे ताकद लागते, आणि इथे गणित उलट दिशेनं जातं. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार दिला जातो, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासलं. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तळपद्यांनी प्रयोगाची आस धरली असेल तर तिचा आदर करायलाच हवा. पण न झालेल्या नोंदीवर त्यांना पहिलेपण देणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या बागेत निवृत्त लढाऊ विमान ठेवलं आहे. रंग उडालाय, चाकं बसलीत. आम्ही काही तरुण मिळून ते नीट करू इच्छितो. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, रायगड जिल्हा

आधी हात लावू नका, तपासा. बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनातली आणि कॅनॉपीतली, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणातली, स्फोटकं काढल्याची लेखी नोंद नगरपरिषदेकडे विमानासोबत आली असेल. ती पाहिल्याशिवाय कॉकपिटमध्ये कुणीही बसायचं नाही. जुन्या विमानांच्या काही घड्याळी तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. चमक संपली तरी किरणोत्सर्ग संपत नाही. काच फुटली असेल तर तबकडी उघडू नका, फुंकर मारू नका, जाणकारांना बोलवा. टायर आणि हायड्रॉलिक टाक्यांत अजून दाब असू शकतो, म्हणून नटबोल्ट आधी खोलायचे नाहीत.

मग नोंदी. शेपटीवरचा क्रमांक, झाकणांवरच्या बारीक सूचना, कारखान्याच्या पट्ट्या, सगळ्याचे मोजपट्टी धरून फोटो काढा. रंगकाम उत्साहात उरकलं आणि जुन्या सूचना कायमच्या गेल्या, असं बागांतल्या विमानांचं नेहमी होतं.

भार चाकांवरून काढणं हे पुढचं काम. विमानाच्या ठरलेल्या जॅक-बिंदूंखाली पोलादी स्टँड देऊन टायर जमिनीला नुसते टेकतील एवढं उचला. इंजिन काढलेलं असेल तर तोल बदललेला असतो. नाक खाली आपटणार की शेपूट, हे आधी ओळखून तिथे आधार द्या. असं हलकं विमान वादळी वाऱ्यात उचललंही जाऊ शकतं, तेव्हा पायथ्याच्या काँक्रीटमध्ये कड्या बसवून बांधा. पोलादी साखळी आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये रबर हवं, नाहीतर खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

धुवायला गोडं पाणी आणि सौम्य साबण. किनाऱ्याजवळ असाल तर पावसाळा सोडून महिन्यातून एकदा. पोटाखालची निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा, हवा ओढण्याच्या तोंडांना जाळी लावा. पक्ष्यांची घरटी ओल धरतात आणि विष्ठा पत्रा खाते. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरचा मोह टाळा. विमानाच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो घासून गेला की खालचा मिश्रधातू गंजू लागतो. तारेच्या ब्रशचे कण तर पत्र्यातच रुतून बसतात. जुना रंग निघालाच असेल तिथे एचिंग प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला थर), त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग पॉलियुरेथेन रंग. थेट एनॅमल मारला की दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. कॅनॉपी काचेची नसून अ‍ॅक्रिलिकची असते. अमोनिया असलेला काच-क्लीनर तिच्यावर बारीक भेगांचं जाळं उठवतो. पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

आणि पत्रा पानापानांसारखा फुगून सुटताना दिसला तर त्यावर रंग चढवू नका. ती आतली गंज आहे, तो भाग भार पेलत नाही.

प्रश्न : भारतात बनलेल्या ‘मरुत’ या लढाऊ जेट विमानाला दोन इंजिनं असूनही ते वेगात मागे का पडलं?
– एक वाचक, मुंबई

कारण त्याला हवं होतं ते इंजिन कधी मिळालंच नाही. फोक-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाचे रचनाकार कुर्ट टांक यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आखलेलं हे विमान आफ्टरबर्नर (निकासात जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी सोय) असलेल्या जास्त ताकदीच्या ऑर्फियस इंजिनासाठी होतं. त्या इंजिनाचं काम ब्रिटनमध्ये थांबलं आणि १७ जून १९६१ ला मरुत उडालं ते साध्या ऑर्फियस ७०३ वर, प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेट्याच्या. सांगाडा उत्तम, खालच्या उंचीवर अगदी स्थिर. एकूण १४७ बनली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे. त्याची निमुळती कंबर बाजूनं पाहा. आवाजाच्या वेगाजवळची ओढ कमी करण्यासाठी ती तशी केली आहे.

प्रश्न : २०१८ मध्ये हवाई दलाला मिळालेलं ‘परशुराम’ डकोटा म्हणजे १९४७ मध्ये श्रीनगरला उतरलेलंच विमान का? क्रमांक तोच आहे.
– निवृत्त शिक्षक, सातारा

नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन उतरलेल्या विमानाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक मानवंदना म्हणून या डकोटावर रंगवला आहे. हे विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त करून उडवत इथे आणलं. जुन्या विमानांच्या जगात हा रिवाज सर्वत्र आहे आणि त्यात फसवणूक नाही. फक्त ओळख पटवताना रंगवलेल्या क्रमांकावर विसंबू नये. खरी ओळख कारखान्याच्या धातूच्या पट्टीवर ठोकलेल्या निर्मिती क्रमांकात असते. पट्टी सहसा कॉकपिटमध्ये किंवा दाराच्या चौकटीजवळ सापडते. पट्ट्याही एका विमानावरून दुसऱ्यावर जातात, म्हणून पंख आणि शेपटीच्या मुख्य भागांवर ठोकलेले सुटे क्रमांकही टिपून घ्यावेत आणि एकमेकांशी ताडून पाहावेत.